कलम सात

लबानी मतेघा डॉक्टर रागावलेला कोणी पाहिला नव्हता. नमालिंबाच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाबद्दल हे सांगायचं म्हणजे, खाणावळीत एकोणीस वर्षं राबलेल्या माणसाला कधी भाजलं नाही असं सांगण्यासारखं आहे. पण खरं होतं. औषधं संपली की तो हसायचा, वीज गेली की हसायचा, जिल्ह्याहून साहेब तपासणीला आले की जरा जास्तच हसायचा. मोठ्या कॉलेजातला डॉक्टर तो नव्हता. तीन वर्षांचा अभ्यास करून, प्रमाणपत्र काचेत लावून तो इथे आला होता. पण आसपासच्या चौदा गावांत दुसरा कोणी नव्हताच, त्यामुळे त्याला डॉक्टर म्हणायचं की नाही यावर कोणी वाद घातला नाही. तान्ह्या मुलांपासून कोंबड्यांपर्यंत सगळं त्याच्याकडे यायचं. कोंबड्यांना तो प्रामाणिकपणे नकार द्यायचा, पण नकार देण्याआधी तपासून बघायचा.

त्याच्या मनात एकच गोष्ट होती. ॲम्ब्युलन्स.

ती का हवी, हे तो कोणाला समजावत बसत नसे. दरसाल तीन-चार बाळंतिणी दवाखान्याच्या वाटेतच जायच्या. कधी नदीला पूर म्हणून, कधी सायकल पंक्चर म्हणून, कधी नवरा जत्रेला म्हणून. एकोणीस वर्षांचे किती होतात याचा हिशेब लबानीने एकदाच केला होता आणि त्या दिवशी तो दुपारचं जेवला नव्हता. जो माणूस बाजारच्या दिवशी मक्याच्या पिठाचा चार मुठी न्सिमा आणि वर तळलेली मासळी खाऊन "थोडं कमीच झालं" म्हणतो, त्याने न जेवणं ही गावात बातमी झाली होती.

मग दोन वर्षांपूर्वी परदेशी पैशांवर चालणारी एक योजना आली. ज्या दवाखान्याच्या हद्दीत सबंध वर्षभर एकही बाळंतपण घरी होणार नाही, आणि दवाखान्यात एकही बाळंतीण दगावणार नाही, त्याला ॲम्ब्युलन्स. वर्ष एप्रिलला सुरू, मार्चअखेर संपणार. जिल्ह्याच्या मुख्य डॉक्टर ओफेलिया म्सुसा यांनी हे सांगितलं तेव्हा लबानी इतका हसला की मॅडमना वाटलं, याला गंमत वाटते आहे.

गावच्या मुखियांना लबानीनेच पटवलं. घरी बाळंत झालेल्या बाईच्या नवऱ्याने एक बकरी दंड भरायचा, आणि घरी बाळंतपण करणाऱ्या सुइणीने दोन. मुखियांना एरवी आरोग्याचं फारसं प्रेम नव्हतं, पण बकऱ्यांचं होतं. सहा महिन्यांत चिंदेवेच्या मुखियाकडे अकरा बकऱ्या जमल्या आणि मुखियांचं आरोग्यावरचं भाषण दुप्पट लांब झालं. या अकरा बकऱ्या म्हणजे अकरा घरची बाळंतपणं की नाही, असं कोणी विचारू नये म्हणून लबानीने त्यांना सौम्यपणे सुचवलं, की दंड घ्या, पण कळवू नका. मुखियांनी ही सूचना मनापासून पाळली.

उरल्या सुइणी. त्यातली मोठी म्हणजे आगोगो एलिफा. आगोगो म्हणजे आजी, आणि ती चौदातल्या निदान पाच गावांची होती. लबानी स्वतः तिच्या हातात जन्मला होता. तो पायाळू होता आणि "तेव्हापासून प्रत्येक कामाला उलटाच शिरतो" हे तिने त्याच्या लग्नातही सांगितलं होतं. तिच्याकडे एक पत्र्याचा डबा असे. त्यात ब्लेड, दोरा आणि साबणाची वडी. लबानीने सगळ्या गावासमोर तिच्यापुढे गुडघे टेकून तो डबा मागितला.

"देते," म्हातारी म्हणाली. "पण अडलीच एखादी, तर काय तुझ्या नावाने टाळ्या वाजवू?"

"दवाखान्यात आण, आगोगो. मी आहे ना."

"तू आहेस. मधे अकरा किलोमीटर आहेत, ते कोण हलवणार?"

"त्याचसाठी तर गाडी आणतोय."

तिने लबानीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की यापुढे नाळ कापणार नाही. दोन बकऱ्यांचं विचाराल तर ते तिला हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. दोन बकऱ्या असत्या तर मी सुईण कशाला झाले असते, असं तिने मुखियांना विचारलं. तिला कमरेला गुंडाळायचा निळ्या रंगाचा एक चितेंजे मिळाला, बाळंतिणींना दवाखान्यात पोचवणाऱ्या सोबतिणींचा. डबा लबानीने दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवला. पाहुणे आले की तो दाखवायचा, आणि पाहुणे फोटो काढायचे.

आता कलम सातची गोष्ट.

जिल्ह्याच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. वाटेत जन्मलेलं मूल कोणाच्या खात्यात धरायचं? आंब्याखाली जन्मलं, पुलावर जन्मलं, सायकलच्या कॅरिअरवर जन्मलं. घरी तर नाही, दवाखान्यातही नाही. दीड तास चर्चा झाली. चहा थंड झाला, तळलेले गोड मांदाझी कडक झाले. शेवटी कोणीतरी म्हणालं, लबानी, तुम्हीच काहीतरी बोला. लबानीकडून बैठकीत विनोदाची अपेक्षा असायची, आणि माणसाकडून अपेक्षा ठेवली की तो ती पुरी करतो.

"सोपं आहे," लबानी म्हणाला. "नाळ जिथे कापली, तिथे जन्म. तोपर्यंत ते आपल्या आईतच आहे. थोडंसं बाहेर डोकावतंय, इतकंच."

सगळे हसले. म्सुसा मॅडम हसल्या आणि हसता हसता म्हणाल्या, "वाईट नाही हे," आणि त्यांनी लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी परिपत्रक आलं, त्यात कलम सात होतं. लबानीने आयुष्यात पुष्कळ विनोद केले, पण सरकारी क्रमांक मिळालेला हा एकच. त्याने ते परिपत्रक बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

गावं शहाणी असतात. कलम सात कळायला त्यांना नोव्हेंबरातला पावसाळाही लागला नाही. जुलैमध्ये पहिली बाई आली. चालत आली. मूल पोटाशी बांधलेलं, नाळ आतल्या वारेला तशीच जोडलेली, नवरा मागून चितेंजेने झाकत आलेला. रस्त्यावर बाळंत झाली होती आणि कोणी नाळेला हात लावला नव्हता. नवरा घामाघूम होऊन म्हणाला, "डॉक्टर, बघून घ्या, अख्खी आहे." जणू बाजारातून अंडी आणली होती. लबानी पोट धरून हसला, नाळ कापली, आणि जन्म दवाखान्यात नोंदला. ऑगस्टमध्ये तशा तीन आल्या. सप्टेंबरात सहा. त्यातल्या एकीचं मूल गार पडलं होतं. ते वाचलं. दुसऱ्या एकीचं वाचलं नाही. पण मुलांचं मरणं योजनेत मोजलं जात नव्हतं.

तेव्हा मात्र लबानी जिल्ह्याला गेला. मॅडमच्या खोलीत टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, की ते कलम सात, मॅडम, लोक फारच मनावर घेताहेत. वार पडायची वाट न बघता निघतात. सायकलवर. कोणीतरी एक दिवस रक्त जाऊन मरेल.

मॅडमनी चष्मा काढला. त्या वाईट बाई नव्हत्या. पंधरा लाख वस्तीच्या जिल्ह्यात त्या एकट्या शल्यविशारद होत्या, आणि गेल्या रात्री त्यांनी दोन सिझेरियन केली होती.

"आत्ता बदललं तर आधीचे सगळे आकडे परत मोजायला लावतील," त्या म्हणाल्या. "नमालिंबाचं शून्य जाईल. मार्चनंतर बदलू. गाडी येऊ दे आधी."

"मार्चनंतर," लबानी म्हणाला.

तो परत आला तेव्हा हसत होता. डॉक्टर म्हणून एवढं बोललो, हेच खूप झालं असं त्याला वाटलं. पाच-सहा महिने तर राहिले होते.

एस्तेले ही आगोगो एलिफाच्या मुलीची मुलगी. दुसरं बाळंतपण. नियमाप्रमाणे ती फेब्रुवारीतच दवाखान्यामागच्या खोलीत येऊन राहिली होती. बारा जणींची खोली, त्यात चाळीस बाया. रात्री एकीने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागे. प्रत्येकीने आपलं मक्याचं पीठ घरून आणायचं, बाहेर चूल मांडून शिजवायचं. तीन आठवड्यांत एस्तेलेचं पीठ संपलं. लबानीने पोटाला हात लावून, बोटं मोजून सांगितलं, अजून दहा दिवस आहेत, घरी जा आणि पीठ घेऊन ये. जागाही जरा मोकळी होईल.

ती चिंदेवेला गेली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आठला स्वयंपाकाच्या झोपडीमागे बाळंत झाली. मुलगी. आगोगो एलिफाच्या हातात.

पुढे काय काय झालं हे लबानीला नंतर कळलं, आणि ते त्याने अगदी बारकाईने विचारून घेतलं. म्हातारी म्हणाली, निजू दे तिला, वार पडू दे, मी पोट चोळते. एस्तेलेचा नवरा जाइलोसी दारात उभा होता. त्याच्याजवळ एकच बकरी होती, काळी, गाभण. तो म्हणाला, वार इथेच पडली तर तिथे जाऊन कापायला काय राहील? दवाखान्यात म्हणतील घरीच झालं. मुखियाचा माणूस कुंपणाशी येऊन उभाच होता, त्यानेही मान हलवली. एस्तेले स्वतः म्हणाली, मी ठीक आहे, जाऊ या. म्हातारीने आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं. ब्लेड काचेच्या कपाटात होतं, आणि शपथ लबानीच्या डोक्यावर. तिने मुलीला एस्तेलेच्या पोटाशी बांधलं, वरून तो निळा चितेंजे गुंडाळला, आणि एस्तेलेला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. टेकडीपर्यंत ती सायकलला धरून चालली. मग मागे पडली.

मार्च म्हणजे पावसाची अखेर, वाटभर चिखल. जाइलोसी निम्मी वाट सायकल ढकलत आला. शेवटचे तीन किलोमीटर एस्तेले काही बोलली नाही, त्याच्या पाठीला टेकून राहिली. त्याला वाटलं झोपली. त्याची चड्डी मागून भिजली होती. त्याला वाटलं चिखल.

पावणेअकराला दवाखान्याच्या आवारात सायकल आडवी झाली. लबानी धावत आला. तेवढ्या जाडजूड देहाचा माणूस धावताना एरवी बाया तोंडाला चितेंजेचं टोक लावून हसायच्या, त्या दिवशी कोणी हसलं नाही. नर्स फालेसीने आणि त्याने मिळून एस्तेलेला आत नेलं आणि दार लावून घेतलं. जाइलोसी बाहेर राहिला.

लबानीने नाळ कापली तेव्हा घड्याळात दहा पंचावन्न झाले होते. मुलगी जिवंत होती, निळसर, पण रडली. मग त्याने हात घालून वार काढली, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, पोट चोळलं. एकोणीस वर्षांत त्याचे हात इतके चांगले कधी चालले नसतील. रक्त थांबत नव्हतं. दवाखान्यात रक्ताची बाटली नव्हती. ती जिल्ह्याला असायची. फालेसीने जिल्ह्याला फोन लावला. तिथली एकुलती एक गाडी शामियाना आणायला गेली होती. नमालिंबाला ॲम्ब्युलन्स मिळणार, त्या समारंभाचा शामियाना.

अकरा वीसला एस्तेलेने डोळे उघडले.

"डॉक्टर," ती म्हणाली, "नाळ इथेच कापली ना?"

"इथेच."

"मग बकरी वाचली."

"वाचली," लबानी म्हणाला.

तिने तोंडाने काहीतरी हसल्यासारखं केलं. अकरा चाळीसला ती गेली.

फालेसीने दोन्ही रजिस्टरं काढली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. लबानी बराच वेळ हात धूत राहिला. वर्ष संपायला सोळा दिवस होते. दवाखान्यात बाळंतीण दगावली, एवढं एक वाक्य लिहिलं की गाडी नाही. पुढल्या वर्षी तीन-चार बाया वाटेत जातील, त्याच्या पुढल्या वर्षी तीन-चार. एस्तेले तर काही परत येणार नाही. हा विचार त्याने इतक्या शांतपणे केला, की आपण काही वाईट करतो आहोत असं त्याला वाटलंही नाही. डॉक्टर असाच विचार करतो, असं त्याला वाटलं.

जन्माच्या रजिस्टरात त्याने लिहिलं, नमालिंबा दवाखाना, दहा पंचावन्न. मग दुसरं रजिस्टर उघडलं, गावातल्या मृत्यूंचं. त्यात लिहिलं, एस्तेले, वय चोवीस, चिंदेवेहून येताना वाटेत, साडेनऊ वाजता.

फालेसी वाचत होती. "डॉक्टर, साडेनऊला गेली, तर दहा पंचावन्नला—"

"ते वेगळं रजिस्टर आहे," लबानी म्हणाला.

बाहेर येऊन त्याने जाइलोसीच्या खांद्यावर हात ठेवला. सांगितलं, की ती वाटेतच गेली होती, इथे आणलीस तेव्हा काही उरलं नव्हतं. मुलीचा जन्म मात्र दवाखान्यात धरला आहे. जाइलोसीने चाकावरचा चिखल बोटाने काढला. मग म्हणाला, "म्हणजे दंड नाही?"

"दंड नाही."

"उपकार झाले, डॉक्टर," जाइलोसी म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याला रडू आलं.

आगोगो एलिफा बारा वाजून गेल्यावर पोचली. तिला जाइलोसीने सांगितलं. ती आत आली नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली, आणि नातीच्या मुलीला मांडीवर घेतलं.

महिनाअखेरीस म्सुसा मॅडम कागद तपासायला स्वतः आल्या. लबानीच्या टेबलावर दोन्ही रजिस्टरं शेजारी शेजारी उघडून त्यांनी बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नेलं. मग परत पहिल्यावर आणलं. लबानी चहा ओतत होता. कपात मावेना इतका झाला तरी ओतत होता.

"लबानी," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे मेलेली बाई बाळंत झाली आहे."

मॅडमनी बशीत सांडलेल्या चहाचा एक घोट घेतला, आणि एक रजिस्टर मिटलं.

"दोन्ही एका टेबलावर ठेवत जाऊ नका," त्या म्हणाल्या. आणि सही केली.

एप्रिलात ॲम्ब्युलन्स आली. पांढरी, नवी, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. शामियान्याखाली चौदा गावं जमली. मुलांनी हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी उतरवली. मुखियांचं भाषण झालं. म्सुसा मॅडमनी सांगितलं, की नमालिंबाच्या यशामुळे योजना आता शेजारच्या दोन जिल्ह्यांत जाते आहे, सगळ्या कलमांसह, आणि त्यातलं सातवं कलम तर आपल्या लबानींचंच आहे. त्या लबानीकडे बघत होत्या, आणि डोळ्यांनीच सांगत होत्या की आता बदलणं कठीण आहे. टाळ्या झाल्या. लबानी उभा राहून सगळीकडे वळून हसला.

जेवणासाठी बकरी जाइलोसीने दिली होती. त्याची ती काळी. कोणी मागितली नव्हती. त्याने सकाळीच आणून दवाखान्याच्या खांबाला बांधली आणि म्हणाला, डॉक्टरांनी माझ्यासाठी केलं, मी एवढं तरी करतो. तिचं पिल्लू मागच्याच आठवड्यात झालं होतं. ते त्याने घरी ठेवलं होतं, एस्तेलेच्या मुलीसाठी.

मानाचं काळीज लबानीच्या ताटात वाढलं. फालेसी जेवणाऱ्यांच्या हातांवर पाणी घालत फिरत होती. ती त्याच्यापाशी आली आणि त्याने हात पुढे केले, तेवढ्यात समोर आगोगो एलिफा येऊन उभी राहिली. तिच्या हातात एस्तेलेची आरोग्य-पुस्तिका होती, पिवळी, कोपरे दुमडलेली. तिने ती त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "गावात सगळे सांगतात, पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. कुठे गेली ती? टेकडीच्या अलीकडे की पलीकडे?"

लबानीने पुस्तिका उघडली. त्याच्याच अक्षरात, वळणदार, लिहिलं होतं. फालेसीच्या हातातला तांब्या तसाच तिरका राहिला होता, पाणी जमिनीवर पडत होतं. चार हातांवर मॅडम मुखियांशी बोलत होत्या.

"वाटेत," त्याने वाचलं. "साडेनऊला."

म्हातारीने मनात वाट मोजली. कुठल्या झाडापाशी साडेनऊ झाले असतील, ते ती मोजत होती. "म्हणजे मी हात सोडला, त्याच्या जरा पुढे," ती म्हणाली. "काही बोलली का रे शेवटी?"

फालेसीने लबानीकडे पाहिलं.

"नाही," लबानी म्हणाला. "इथे आली तेव्हा ती नव्हतीच, आगोगो."

"मी कापायला हवी होती," म्हातारी म्हणाली. "दगडाने तोडली असती. दोन बकऱ्या कुठूनही आणून दिल्या असत्या मी. तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता ना, म्हणून. वाटलं, शपथ मोडली तर तुला काही होईल."

तिने पुस्तिका परत घेतली आणि चितेंजेच्या कनवटीला खोचली. मग त्याच्या डोक्यावर, जिथे त्या दिवशी ठेवला होता तिथेच, हात ठेवला. बोटांनी जरा दाबून बघितलं, लहान मुलाची टाळू बघतात तसं.

"तू जेव," ती म्हणाली. "गार होतंय."

फालेसीने त्याच्या हातांवर पाणी घातलं, आणि ती पुढच्या माणसाकडे गेली. लबानी जेवला. त्या दिवशी त्याने पुन्हा वाढून घेतलं.